टेबल क्रमांक दोनवर काय सांगायचं?

गेल्या महिन्यात या पानावर मी २००९ च्या फ्लूच्या साथीतल्या लसीकरण केंद्राबद्दल लिहिलं होतं. एका शाळेचं सभागृह आणि त्यात चार टप्पे. पहिल्या टेबलावर नाव-नोंदणी, दुसऱ्यावर विचारपूस, तिसऱ्यावर टोचणं आणि शेवटी पंधरा मिनिटं बसायच्या खुर्च्या. मी बहुतेक दिवस दुसऱ्या टेबलावर असायचे. लेख छापून आल्यावर जी पत्रं आली, त्यांतल्या निम्म्यांत प्रश्न कमी आणि कबुलीजबाब जास्त होते. 'सिस्टर, तेव्हा मी तुमच्यासारख्याच एका बाईंशी खोटं बोललो,' अशा धर्तीची तीन पत्रं आत्ता माझ्यापुढे आहेत. त्यामुळे या वेळची काही उत्तरं लांबली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं काढून टाकली आहेत.

माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू असते. त्या साथीत केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, 'काही गोळ्याबिळ्या नाहीत ना?' अडीच तास रांगेत काढले होते. खरं सांगितलं तर घरी पाठवतील असं वाटलं, म्हणून 'नाही' म्हणालो. पुढे चार दिवस दंड काळानिळा होता. खरं सांगितलं असतं, तर लस मिळाली असती का?

मिळाली असती. वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्याला फ्लूची लस देतात. फरक एवढाच, की सुई बारीक वापरायची आणि टोचून झाल्यावर कापसाचा बोळा किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा. चोळायचं नाही. तुम्ही बहुधा बाही खाली करून लगेच खुर्चीकडे गेलात, आणि आत रक्त साकळत राहिलं. म्हणजे दोन मिनिटांसाठी चार दिवस मोजलेत.

पण सगळा दोष तुमचा नाही. निम्मा त्या बाईंच्या प्रश्नाचा आहे. 'नाहीत ना?' असं विचारल्यावर माणूस 'नाही'च म्हणणार. आपल्या भाषेत हा 'ना' फार चलाख आहे, उत्तर स्वतःच देऊन टाकतो. मीही पहिले दोन दिवस असंच विचारत होते. ताप नाही ना, ॲलर्जी नाही ना, आजार नाही ना, चला पुढे. तिसऱ्या दिवशी साठीच्या एक बाई तिन्ही 'नाहीं'वर माझ्यापुढून पार झाल्या. तीन नंबरच्या टेबलावर त्यांनी बाही वर केली, तर हातावर डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली टपोरी शीर. तशा हाताला सुई लावत नाहीत, रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधत नाहीत. माझ्या सहकारी मुलीचं लक्ष होतं म्हणून निभावलं, लस दुसऱ्या हाताला दिली. मी धावत गेले आणि म्हटलं, 'अहो, मी आजार विचारला होता ना?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'आजार कुठे? आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, तेवढंच.'

त्या दिवसापासून मी प्रश्न उलटे केले. 'आज सकाळपासून तब्येत कशी आहे?' 'रोज कुठल्या गोळ्या घेता?' 'याआधी कुठलंही इंजेक्शन घेतल्यावर काय झालं होतं?' रांग थोडी हळू सरकायला लागली. केंद्रप्रमुखांची बोलणी खाल्ली. पण पाकिटं, चिठ्ठ्या, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या टेबलावर यायला लागल्या. गोळ्यांची नावं कुणाला पाठ नसतात, पट्टी मात्र पिशवीत असते. तेव्हा पट्टीच घेऊन जा.

तुमच्यासारख्यांना वाटतं, की दुसरं टेबल गाळण्यासाठी असतं. तिथून परत जाणारे फार थोडे असतात. अंगात सणसणून ताप असेल तर बरं वाटल्यावर या म्हणतात, साधी सर्दी चालते. आधीच्या फ्लूच्या लसीने घसा सुजला असेल, श्वास कोंडला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत. गियाँ-बारे नावाचा नसांचा आजार पूर्वी होऊन गेला असेल तरी डॉक्टरच ठरवतात. बाकी मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा आजार यांचं उत्तर 'हो' असेल तर तुमचा नंबर उलट पुढे येतो. फ्लू या मंडळींना जास्त छळतो, म्हणून साथीत त्यांना आधी बोलावतात. कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्यांनी तर हमखास सांगावं. टोचायच्या लसीत मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात, ती त्यांना चालते. नाकात फवारायची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, ती त्यांना देत नाहीत. गरोदर बाईलाही नाही. दोन्ही प्रकार एकाच केंद्रावर असले, की हा एक प्रश्न चुकवून चालत नाही.

वय २६. व्यायामशाळेत शंभर किलो उचलतो, पण सुई दिसली की डोळ्यांपुढे अंधारी येते. मागे एकदा लस घेताना सगळ्यांसमोर कोसळलो. साथ आली तरी मी केंद्रावर जाणार नाही, असं ठरवलंय. हसू नका.

हसत नाही. आमच्या खुर्च्यांवरून घसरलेल्यांत तुमच्या वयाची आणि तुमच्या बांध्याची मुलं बरीच होती. आजीबाई सहसा कोसळत नाहीत.

तुमच्या बाबतीत काय होतं ते समजून घ्या. इतर भीतीत, म्हणजे कुत्र्याच्या किंवा उंचीच्या, नाडी वाढते, दाब चढतो, माणूस सहसा कोसळत नाही. सुई आणि रक्ताच्या भीतीत आधी दाब थोडा चढतो आणि मग एकदम खाली येतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि तुम्ही जमिनीवर. मन घट्ट करून, दीर्घ श्वास घेऊन हे थांबत नाही. दाबच वर ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तुमचे व्यायामशाळेतले स्नायू कामाचे आहेत. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी यावर एक युक्ती बसवली. बसल्या जागी मांड्या, पोट आणि हात ताठ आवळायचे, दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब येईपर्यंत. मग सैल सोडायचे, पण पार ढिले पडायचं नाही, नेहमीसारखं बसायचं. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. जाण्याआधी आठवडाभर घरी रोज सराव करा. केंद्रावर रांगेत उभं असतानाही करता येतं, कुणाला कळत नाही. फक्त ज्या दंडात टोचायचं तो सैल सोडा, नाहीतर दुखतं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या टेबलावर पहिलं वाक्य हे बोला: 'मी मागे बेशुद्ध पडलो होतो.' तुम्हाला वाटेल, इज्जत गेली. आम्हाला काय वाटतं सांगू? सुटलो बाई! कारण सांगितलंत तर आम्ही तुम्हाला आडवं झोपवून टोचतो, आणि आडवा माणूस पडणार कुठे? न सांगता शंभर किलोवाला उभ्याने कोसळला, तर त्याचं डोकं फरशीवर आपटतं आणि आमच्या चार जणी त्याच्यामागे लागतात. लसीने नव्हे, पडल्याने टाके पडलेले मी पाहिले आहेत. रिकाम्या पोटी जाऊ नका, पाणी प्या. सुईकडे बघू नका, शेजारच्याच्याही नाही. पंधरा मिनिटं होईपर्यंत उठू नका, कारण भोवळ येते ती बहुतेक वेळा याच पंधरा मिनिटांत.

(त्या खुर्च्यांचं दुसरंही एक काम असतं. लसीची तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद-दोघांना होते, पण झाली तर काही मिनिटांतच सुरू होते. त्यासाठी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन खुर्च्यांजवळच ठेवलेलं असतं. मधूनच उठून मोबाईलवर बोलत फाटकाबाहेर जाणारे मला त्यामुळेच आवडत नाहीत.)

सून सात महिन्यांची गरोदर आहे. फ्लूची साथ आली तर केंद्रावर जाऊन लस घेणार म्हणते. मी म्हणते, पोटात बाळ असताना नसती औषधं कशाला? आम्ही काय घेतलं होतं? तुम्ही जुन्या जाणत्या आहात, तुम्हीच तिला समजवा.

ताई, समजावणार आहे, पण तुम्हालाच.

आपल्या वेळी घेतलं नव्हतं, खरं आहे. आपल्या वेळी ते कुणी देऊच केलं नव्हतं. गरोदरपणी फुफ्फुसांना वर सरकलेल्या पोटाची अडचण असते, आणि शरीराची प्रतिकाराची रीतही बदललेली असते. अशात फ्लू छातीत उतरला तर फार लवकर बिघडतं. २००९ मध्ये अमेरिकेत एकूण लोकसंख्येत गरोदर बायका साधारण १ टक्का होत्या, पण त्या फ्लूने गेलेल्यांत त्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. म्हणूनच त्यांना पहिल्या रांगेत बोलावलं गेलं. टोचायची लस गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात देतात.

आणि नातवंडाचा विचार करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला जे संरक्षण मिळायचं ते आईकडून, नाळेतून. सुनेने आत्ता घेतलेली लस बाळ जन्मताना सोबत घेऊन येतं. नंतर अंगावर पाजतानाही लस चालते.

एक गंमत सांगते. आमच्या केंद्रावर सासू-सुना जोडीने यायच्या. मी गरोदर आहात का विचारलं, की सून सासूकडे बघायची. तीन महिने व्हायच्या आत घराबाहेर बोलायचं नसतं, हे मला कळायचं. मग मी सासूबाईंना पहिल्या टेबलावर 'जरा एक सही राहिलीय' म्हणून धाडायचे. कुठलीही सही राहिलेली नसायची. तुम्ही मात्र सुनेबरोबर जा, बाळाला सांभाळणार असाल तर तुमचीही लस घ्या. सही मागितली तर रागावू नका.

वय ७९. २००९ मध्ये आधी सहा महिने लसच नाही, आणि आली तेव्हा म्हणाले, साठीच्या पुढचे नंतर या. एरवी फ्लूच्या लसीला म्हातारे आधी, मग तेव्हाच का ढकललं? अपमान वाटला होता.

काका, तुमच्या पिढीला त्या वेळी एक जुनी कमाई उपयोगी पडत होती. २००९ चा विषाणू एच-१-एन-१ जातीचा. १९१८ च्या महासाथीतला विषाणूही त्याच जातीचा, आणि त्याचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते. त्याआधी जन्मलेल्यांना लहानपणी त्यांतला कुठला ना कुठला गाठून गेलेला, आणि शरीराने ती ओळख पन्नास वर्षं जपून ठेवली. म्हणून त्या साथीत म्हाताऱ्यांना लागण कमी आणि तरुण, मुलं, गरोदर बायका जास्त. लस अपुरी होती, तेव्हा ती जिथे आग होती तिथे आधी टाकली. ज्या म्हाताऱ्यांना तरीही झाला, त्यांना तो जडच गेला, म्हणून नंतर तुम्हालाही बोलावलंच. पुढची साथ वेगळ्या विषाणूची असेल तर रांग उलटीही लागेल. रांगेचा क्रम पाहून मान-अपमान ठरवू नका. पण हे सगळं तुम्हाला तिथेच कुणीतरी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. 'नंतर या' एवढंच ऐकून परत जाणाऱ्याला राग येणारच.

उशिराचं कारण अंडी. फ्लूची बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून बनते. नवा विषाणू एप्रिल २००९ मध्ये ओळखला गेला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि लस हातात यायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. विषाणूचं बियाणं तयार करणं, वाढवणं, तपासणं, कुप्या भरणं यात पाच-सहा महिने जातातच. १९५७ च्या साथीची गोष्ट मला फार आवडते. मॉरिस हिलमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हाँगकाँगच्या साथीची बातमी एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात वाचली, नमुना मागवला, आणि हा विषाणू नवा आहे हे ताडून लस कंपन्यांच्या मागे लागला. त्यात एक निरोप असा होता, की शेतकऱ्यांना सांगा, या हंगामात कोंबडे मारू नका. कोंबडे नाहीत तर फलित अंडी नाहीत! एरवी लसीच्या इतिहासात कोंबड्याला कोण विचारतं?

अंड्याची ॲलर्जी आहे. लस चालेल?

वरचं उत्तर वाचून हा प्रश्न येणारच होता, पत्र आधीच आलंय. लसीत अंड्याचा अंश अगदी नगण्य उरतो. पूर्वी आम्ही फार जपायचो. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०२३ पासून अंड्याच्या ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळी खबरदारीही काढून टाकली. तरी टेबलावर सांगा.

लस घेतली आणि पाचव्या दिवशी फ्लू झाला. लसीनेच झाला ना?

पुन्हा तो 'ना'. टोचायच्या लसीने फ्लू होत नाही, तिच्यात जिवंत विषाणूच नसतो. दंड दुखणं, अंग मोडून येणं, कणकण, हे एक-दोन दिवस होऊ शकतं. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तुम्ही बहुधा खोकणाऱ्यांच्या रांगेत उभे होता. तिथेच मिळाला असेल. असं पुन्हा झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तरच त्याचा नीट उपयोग होतो. आणि घरातल्या मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नका, त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा रेय नावाचा आजार होऊ शकतो.

तुम्ही लोक आम्हाला 'खरं सांगा' म्हणता. तुम्ही तरी खरं सांगता का? १९७६ मध्ये काय झालं होतं ते लिहाल का?

लिहिते. पत्र रागाचं आहे, पण प्रश्न रास्त आहे.

फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्स या लष्करी तळावर एक तरुण सैनिक स्वाइन फ्लूने गेला. १९१८ ची पुनरावृत्ती होईल या धास्तीने सरकारने सगळ्या देशाला टोचायचं ठरवलं. चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली. साथ आलीच नाही. आणि लस घेतलेल्यांत गियाँ-बारेचे रोगी जास्त दिसायला लागले, म्हणजे हातापायांतली ताकद जाण्याचा तोच आजार. साधारण एक लाख लसींमागे एक जास्तीचा रोगी. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. तीच धास्ती २००९ च्या लसीबद्दलही होती, म्हणून बारकाईने लक्ष ठेवलं गेलं. तेव्हा दहा लाखांमागे एक-दोन जास्तीचे रोगी निघाले. फ्लू होऊन गेल्यावरही हा आजार होतो, हेही मोजणीत धरावं लागतं.

दुसरीही एक गोष्ट सांगून टाकते, तुम्ही विचारली नसली तरी. २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये लक्षात आलं, की पँडेमरिक्स ही २००९ च्या साथीतली फ्लूची लस घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या अचानक झोप लागण्याचा आजार, वाढला आहे. तो संबंध पुढे इतर देशांतही सापडला. ती लस आता वापरात नाही.

२००९ मध्ये आम्हाला नार्कोलेप्सीबद्दल काही ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. गियाँ-बारेबद्दल मात्र ठाऊक होतं. एका गृहस्थांनी मला विचारलं, 'याने लुळेपणा येतो म्हणतात, खरं का?' मागे रांग होती. मी म्हटलं, 'छे हो, काही होत नाही.' ते गेले, लस घेतली, त्यांना काहीही झालं नाही. पण मी दिलेलं उत्तर खोटं होतं. 'फार क्वचित होतं, म्हणून तर विचारते आहे, तुम्हाला पूर्वी झालाय का?' एवढं म्हणायला दहा सेकंद लागले असते. आजचे कबुलीजबाब मोजताना त्यात माझाही एक धरा.

साधा प्रश्न. केंद्रावर जाताना कपडे कुठले घालावेत, आणि लस कुठल्या हातात घ्यावी?

साधा नाही, कामाचा आहे. घट्ट बाही असली, की लोक गळ्याकडून शर्ट खाली ओढतात आणि खांद्याचा वरचा भागच उघडा पडतो. घाईत सुई फार वर, सांध्याजवळ गेली, तर खांदा महिनोन्‌महिने दुखू शकतो. खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या फुगीर स्नायूत टोचायला हवं. तेव्हा सैल बाही किंवा बिनबाहीचं घाला आणि वरून काहीतरी पांघरा. टोचणारी उभी आणि तुम्ही बसलेले असाल, तर तिलाही बसायला सांगा. उंचावरून टोचलं की सुई वरच लागते. मी असते तर रागावले नसते.

हात कुठलाही चालतो. बहुतेकांना डावा बरा, कारण उजवा दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात नको. आणि डावखुरे असाल तर तेही सांगा, आम्ही विचारायला विसरतो.